तळेकोंडच्या एकोणीस चाव्या

आत्माराम रेवाळे निवृत्त होऊन तळेकोंडला परतला तेव्हा त्याच्या सामानात दोन ट्रंका, एक मिक्सर, एक टेबलफॅन आणि एक महापौर बाई होत्या. बाई काही टेम्पोत बसून आल्या नव्हत्या, त्या आपल्या शहरात सुखरूप होत्या. पण आत्मारामच्या तोंडात त्या कायमच्या मुक्कामाला आल्या होत्या. रत्नागिरी स्टँडवर गावची एसटी चुकली तरी तो म्हणायचा, "आमच्या बाई असत्या ना..." आणि आमटी खारट झाली तरी त्याला बाईंचं एखादं वाक्य आठवायचं. त्याची बायको यमुनाबाई यांनी हे सहा महिने ऐकून घेतलं. सातव्या महिन्यात त्यांनी सांगून टाकलं की या घरात एकच बाई राहील. तेव्हापासून तो बाईंबद्दल घराबाहेर बोलायला लागला आणि गावाने त्याचंच नाव 'महापौर' ठेवलं.

मुंबईला चिकटलेल्या एका मोठ्या महानगरपालिकेत त्याने एकतीस वर्षं शिपायाची नोकरी केली. त्यातली बावीस वर्षं महापौरांच्या दालनाबाहेरच्या स्टुलावर गेली. नऊ महापौर आले नि गेले, स्टूल तेच राहिलं. आठांना त्याने नुसता चहा नेऊन दिला. नवव्या बाईंवर मात्र त्याची भक्ती जडली.

त्या वेळी शहरात सोनसाखळी चोरांचा सुळसुळाट झाला होता. रोज दोन-तीन बायका मान चोळत, रडत दालनाबाहेर येऊन बसायच्या. महापौरांच्या हाताखाली पोलीस नसतात, हे आत्मारामला तेव्हा कळलं. अंगावर झगा असतो, पुढे चोपदार चालतो, पण एका हवालदाराला 'या कोपऱ्यावर उभा राहा' म्हणायचा अधिकार नसतो. बाई हात चोळत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. "पोलीस माझे नाहीत, पण दिवे माझे आहेत," असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीवर शहराचा नकाशा लावून घेतला. पोलिसांकडून दर महिन्याला यादी यायची, जिथे साखळी गेली तिथे लाल टाचणी बसायची. टाचण्यांचा पुंजका दिसला की संध्याकाळी बाई स्वतः तिथे जाऊन उभ्या राहायच्या. कुठे खांबावरचा दिवा गेलेला असायचा, कुठे झाडाची फांदी त्याच्यावर आलेली, तर कुठे पालिकेच्याच मोडक्या कचरागाड्यांचा आडोसा. दिवे लागले, फांद्या छाटल्या, गाड्या हलल्या. आठ महिन्यांत टाचण्या निम्म्यावर आल्या. नकाशाची गुंडाळी आणि टाचण्यांची डबी आत्मारामच्या हातात असायची, त्यामुळे शहरातली गुन्हेगारी थोडीफार आपणही कमी केली, असं त्याला मनापासून वाटायचं. चोपदारालाही तसं वाटायचं, पण त्याच्या हातात डबी नव्हती.

आता तळेकोंडात गुन्हे ते काय असणार? कुणाच्या माडाखाली पडलेला नारळ तिसऱ्याच घरात सोलला जायचा. कुणाचा दगडी गडगा पावसाळ्यात कोसळायचा आणि पुन्हा रचताना वीतभर पलीकडे सरकायचा. कोणी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक असायचं आणि विहिरीवर त्याचा निकाल लागायचा. महापौराला करायला काही नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या तालुक्यात एकाच आठवड्यात सात बंद घरं फुटली. बातमी मोबाइलवरून विरार-डोंबिवलीपर्यंत पोचली आणि तळेकोंडच्या मुंबईकरांचे गावाकडे फोन सुरू झाले. गावात घरं एकसष्ट, त्यांतली एकोणीस बंद. सरपंच समीक्षा भुवड ही तिशीतली, चटपटीत बाई. तंटामुक्ती समिती गावात होती, पण फक्त फळ्यावर. समीक्षाने आत्मारामला बोलावलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही मोठ्या शहरात हे सगळं बघितलंय. समितीचे अध्यक्ष तुम्ही व्हा."

आत्मारामने मान हलवायला दोन सेकंदसुद्धा घेतले नाहीत.

पुढच्या सहा महिन्यांत त्याने गावाला धाप लागेपर्यंत पळवलं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा आला. टाचण्या भिंतीत घुसेनात म्हणून यमुनाबाईंच्या लाल टिकल्यांचं पाकीट त्याने परस्पर उचललं. गुन्हेच नसल्यामुळे टिकल्या लावायला जागा मिळेना, तेव्हा 'संभाव्य' म्हणून त्याने स्वतःच पाच-सहा लावून टाकल्या. मुंबईकरांच्या मंडळाने सौर दिवे दिले, ते वाडीच्या वळणांवर बसले. एसटीच्या थांब्यावर कॅमेरा लागला. त्यात वर्षभर दिसल्या त्या गाई, आणि सकाळच्या गाडीची वाट बघताना नाक कोरणारे दोन प्रतिष्ठित नागरिक. समितीच्या सात सभासदांना शिट्ट्या मिळाल्या. पहिल्याच आठवड्यात त्या नातवंडांकडे गेल्या आणि गाव कावलं. पण खोटं कशाला बोला, दिव्यांचा उपयोग झाला. बायका सातनंतरही बिनघोर विहिरीवर जायला लागल्या, आणि महापौर हे नाव थट्टेचं होतं ते हळूहळू अर्ध्या कौतुकाचं झालं. आत्मारामची छाती फुगली.

त्याच्या डोळ्यांत एकच गोष्ट सलायची, ती म्हणजे काशी गोताडचा दोर.

काशी पंचावन्नची. नवरा गोदीत होता, तो जाऊन बारा वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन हर्ण्याला गेली. वीस वर्षांपूर्वी शेजारच्यांनी मुंबईला जाताना घराची चावी तिच्याकडे ठेवली, मग दुसऱ्यांनी ठेवली, आणि होता होता एकोणीस झाल्या. काथ्याच्या दोरात ओवून त्या तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत असायच्या. कुठल्याही चावीला चिठ्ठी नाही, नंबर नाही. तिची बोटं चावी ओळखत. रोज तीन घरं, असं आठवड्यात सगळं गाव ती फिरून यायची. खिडक्या उघडायच्या, केर काढायचा, देवापुढे वात लावायची, वाळवी बघायची, कौल सरकलं असेल तर कुणाला तरी हाक मारून नीट करून घ्यायचं. गणपतीला मुंबईकर यायचे ते थेट झाडलेल्या ओटीवर बसायचे. जाताना तिला एक साडी देऊन जायचे आणि पुन्हा चावी. ती चावी हातावर ठेवतानाचा क्षण काशीला साडीपेक्षा मोठा वाटायचा. गावात तिच्याकडे ना जमीन होती ना माणूसबळ, पण एकोणीस घरांचा विश्वास तिच्या खिळ्याला टांगलेला होता.

"काशीवहिनी, याची नोंद पाहिजे," आत्माराम म्हणायचा. "कोणती चावी कुठली, कधी उघडलं, आत काय काय आहे. पद्धत असते."

"माजी पद्धत हाय भाऊ," ती म्हणायची. "मला ठावं हाय ना सगलं."

"उद्या काही कमी-जास्त झालं तर?"

"वीस वर्सांत झालं नाय, ते उद्याच कशाला व्हईल?" असं म्हणून ती केरसुणी उचलून चालू लागायची.

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. बंद घरही चुकत नाही, देव दाराशी आला आणि दाराला कुलूप, हे कोकणात कुणाला सोसत नाही. दर वर्षी काशी पालखीच्या पुढे धावून घरं उघडायची. या वर्षी मात्र तिच्या माहेरची पालखी नेमकी त्याच दोन दिवशी आली आणि भावाने तिला ओटी भरायला बोलावलं. तिने जाताना दोर आत्मारामच्या हातात दिला. त्याला हा नियतीचा संकेत वाटला. या खेपेला शिस्तीत काम होणार होतं. एकाही बंद घरात देव अंधारात बसणार नाही, असं त्याने जाहीर केलं. बऱ्याच बंद घरांची वीज मालकांनी तोडून ठेवलेली होती, तेव्हा मुंबईहून आलेल्या पोरांची त्याने दिवे लावायला पथकं केली. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तो पालखीच्या दोन घरं पुढे पळत होता. "दिवा पुढे न्या! पुढच्या घरात काळोख आहे! उचला, उचला!" ढोलावर त्याचा आवाज चढत होता. शेवटी पालखी त्याच्या अंगणात येऊन नाचली तेव्हा त्याचा घसा बसला होता आणि गाव म्हणत होतं, असा उजेड कधी बघितला नाही. दुसऱ्या दिवशी पोरं मुंबईला गेली. यमुनाबाई लोट्याला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. काशी परत आली आणि आपला दोर घेऊन गेली.

त्यानंतरच्या मंगळवारी ती ग्रामपंचायतीच्या दारात उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

"भाऊ, विनीतच्या घरातली समई गावत नाय. मोराची. मी दोनदा बगितलं, माल्यावर पन नाय."

विनीत शिवगण डोंबिवलीला राहायचा. त्या वर्षी मुलाच्या परीक्षेमुळे तो शिमग्याला आला नव्हता. ती कमरेएवढी पितळी समई त्याच्या आईची, तिच्या लग्नातली, आणि आई जाऊन अजून दोन वर्षं झाली नव्हती.

आत्माराम खुर्चीवरून उठला. वाईट वाटलं त्याला, नाही असं नाही. पण पोटात कुठेतरी एक गुदगुलीही झाली, ती झाली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तळेकोंडात पहिला खराखुरा गुन्हा घडला होता. त्याने पाकिटातली सगळ्यात मोठी टिकली काढली आणि विनीतच्या घरावर दाबून बसवली.

मग चौकशी. कुलूप फुटलं होतं का? नाही. कौलं काढलेली? नाही. म्हणजे दार चावीने उघडलं. चावी कुणाकडे असते? काशीकडे. दोन दिवस ती त्याच्याकडेही होती, हे त्याला आठवलं, पण त्या दोन दिवसांत चाव्या समितीच्या अध्यक्षांकडे होत्या, म्हणजे त्या वर्षातल्या सगळ्यात सुरक्षित ठिकाणी होत्या. हा विचार त्याला इतका स्वच्छ वाटला की त्याने तो पुन्हा तपासला नाही.

विनीतला फोन लावला तो समीक्षासमोर, आवाज मोठा करून. काशीही तिथेच होती. आत्मारामने समईचं सांगितलं. विनीत म्हणाला, "काकी, समई कुणाला दिलीत?"

काशीने फोनकडे बघितलं.

"काका, मी एक मेच्या ग्रामसभेला येतोय," विनीत म्हणाला. "तोवर सापडली नाही तर रत्नागिरीला जाऊन तक्रार देणार. ज्यांच्याकडे चावी त्यांचं नाव द्यावं लागेल, माझा इलाज नाही. आईची वस्तू आहे."

वाडीतला एक म्हातारा म्हणाला, देवळात गाऱ्हाणं घाला, देव दाखवील. काशी म्हणाली, "चला, मी उभी ऱ्हातंय." पण आत्मारामने हात वर केला. आपण शास्त्रशुद्ध मार्गाने जाऊ, असं तो म्हणाला. काशी घरी गेली, खिळ्यावरून दोर काढून घेऊन आली आणि तिने तो टेबलावर ठेवला.

"जवर समई गावत नाय तवर ह्या हितंच ऱ्हाव देत. मला नको."

आत्मारामने चाव्या कपाटात ठेवल्या, कपाटाला कुलूप लावलं आणि कुलपाची चावी जानव्यासारखी गळ्यात अडकवली.

पुढचे चार-पाच आठवडे गाव काशीला काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. ती रस्त्याने जाताना एखादं दार हळूच लोटलं जायचं. वाल सोलायला बसलेल्या बायकांच्या गप्पा ती येताच भाजीपाल्यावर यायच्या. रोज तीन घरं चालणारी बाई आता स्वतःच्याच ओटीवर बसून राहायला लागली. मुलीने हर्ण्याला बोलावलं तर गेली नाही. आता गेले तर पळाले म्हणतील, एवढंच म्हणाली. पोलिसांत नाव गेलं तर जावई काय म्हणेल, व्याही काय म्हणतील, याने तिचं जेवण तुटलं. आत्माराम रोज नकाशापुढे उभा राहून तपास करायचा. नकाशा काही बोलायचा नाही.

एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी यमुनाबाई लोट्याहून परत आल्या. चहा घेतला, नातवाचं नाक कुणासारखं ते सांगितलं, आणि लोणच्याची बरणी काढायला माळ्यावर चढल्या. वरूनच त्यांनी विचारलं, "अवो, ही समई अजून न्यायला कोन आला नाय काय?"

"कुठली समई?"

"मोराची. पालखीच्या दिशी पोरांनी आनून ठेवली आपल्याकडं. म्हनाली, आत्माकाकांनी सांगितलंय दिवा पुढं पुढं न्या. मला वाटलं देवळाची हाय. दुसऱ्या दिशी चिंच लावून घासली, सुटी केली नि लुगड्यात बांदून ठेवली. न्यायला येतील म्हनलं कोनीतरी."

आत्माराम पाटावरच बसून राहिला. विनीतच्या घरातून समई पुढच्या काळोख्या घरात, तिथून त्याच्या पुढच्या, असं करत करत आठ घरं चालत ती त्याच्याच माळ्यावर येऊन बसली होती. तळेकोंडचा पहिला गुन्हा अध्यक्षांच्या हुकमाने, अध्यक्षांच्या देखत, ढोल-ताशांच्या गजरात घडला होता. यमुनाबाई खाली उतरल्या, त्याचा चेहरा बघितला, सगळं विचारून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "आता?"

रात्रभर त्याने कूस बदलली आणि सकाळी त्याला मार्ग सापडला. समई गुपचूप जागेवर ठेवायची. विनीत बुधवारी येईल, समई बघेल, तक्रार होणार नाही. काशी सुटली, महापौरही सुटला. कुणाचंच काही बिघडत नाही. त्याने ते यमुनाबाईंना सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. त्यांनी हातातली भाकरी जरा जास्तच जोरात थापली.

मंगळवारी दुपारी, सगळं गाव जेवून लवंडल्यावर, तो लुगड्यातलं गाठोडं काखेत मारून, दोरातली एकेक चावी लावून बघत विनीतच्या घरात शिरला. महिनाभर बंद असलेल्या घराला कुबट वास सुटला होता. जमिनीवर वटवाघळांची घाण, उंबऱ्यापासून वाळवीची रेघ. हे असं असतं, हे त्याला माहीत नव्हतं, त्याने बंद घर आतून कधी असं बघितलंच नव्हतं. त्याने समई जोडली, देवघराच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली आणि घाईने मागे वळला.

खिडकीच्या गजापलीकडे काशी उभी होती. हातात केरसुणी. मंगळवार हा विनीतच्या घराचा दिवस. चावी नव्हती तरी दर मंगळवारी येऊन ती अंगण झाडून जात होती, आणि हे गावात एकालाही माहीत नव्हतं, समितीला तर नव्हतंच.

ती ओरडेल, चार घरं गोळा करील, म्हणून आत्मारामने डोळे मिटून घेतले.

"तितं नको भाऊ," काशी म्हणाली. "त्या कोपऱ्यात वल येते. पितल हिरवी पडंल. उजवीकडं ठेवा, तिची जागा तीच हाय."

त्याने समई उजवीकडे ठेवली. तो म्हणाला, "वहिनी, ही माझ्या..."

"कलली," ती म्हणाली. "चिंचंचा वास येतोय. यमुनावयनीच घासतात अशी." आणि ती उरलेलं अंगण झाडायला लागली.

ती रागावली असती तर त्याने उत्तर दिलं असतं. तिने काहीच मागितलं नाही, म्हणून तो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि रडला. साठी उलटलेला माणूस, गळ्यात कपाटाची चावी, आणि नाक पंच्याने पुसतोय. रडता रडता त्याला बाई आठवल्या, पण नकाशापुढच्या नव्हेत. कुठलाही दिवा लावायच्या आधी बाई त्या कोपऱ्यावरच्या फुलवालीशेजारी जाऊन फुटपाथवर बसायच्या. तिच्याशी अर्धा-पाऊण तास बोलायच्या. काय बोलायच्या ते आत्मारामला कधी कळलं नाही, कारण बरोबर त्याच वेळी त्याला चहा आणायला पाठवलेलं असायचं. बावीस वर्षं तो चहाच आणत राहिला होता. एकोणीस घरांत आठवड्याला एक माणूस फिरतो आहे, खिडक्या उघडतो आहे, वाती लावतो आहे, म्हणून या गावात घर फुटत नव्हतं. आणि गावच्या त्या एकुलत्या एका पोलिसाला महापौराने घरी बसवलं होतं.

आपण समई ठेवून निघून गेलो असतो तर गावाने काय म्हटलं असतं, हेही त्याला आता दिसलं. गाव म्हटलं असतं, काशी घाबरली आणि परत ठेवून गेली. जन्मभर म्हटलं असतं.

एक मेला शाळेच्या हॉलमध्ये ग्रामसभा भरली. मुंबईकर आले होते, त्यांच्या तक्रारीही आल्या होत्या: घरात पाय ठेवला तर मातीचा थर, देवघरात कोळिष्टकं, एकाच्या गादीत उंदरांनी बिऱ्हाड केलेलं. विनीत पहिल्या रांगेत होता. समई बघून तो आधीच बुचकळ्यात पडला होता. काशी मागे, दाराजवळ, बायकांपासून दोन हात लांब बसली होती. समीक्षाने समितीचा अहवाल वाचायला आत्मारामला उभं केलं.

त्याने अहवाल टाइप करून आणला होता. तो त्याने घडी घालून खिशात ठेवला.

"वर्षभरातले एकूण गुन्हे एक," तो म्हणाला. "गुन्ह्याचा तपास लागला आहे. विनीत शिवगण यांच्या घरातली समई शिमग्याला उचलली गेली, ती माझ्या सांगण्यावरून उचलली गेली. चाव्या माझ्याकडे होत्या. समई सव्वा महिना माझ्या माळ्यावर होती. परवा मी ती चोरासारखी परत ठेवायला गेलो, तेव्हा काशीवहिनींनी मला पकडलं. विनीत, तक्रार द्यायची तर नाव लिहून घे. आत्माराम सोनू रेवाळे."

मागच्या रांगेतून कुणीतरी फसकन हसलं. मग सगळा हॉल हसला. महापौर पुन्हा काहीतरी शहरी नाटक करतोय, असं लोकांना वाटलं. आत्माराम हसला नाही. तो तसाच उभा राहिला, हात जोडून, दाराकडे तोंड करून. हसू एकेका रांगेतून विझत गेलं.

"वहिनी," तो म्हणाला, "मी तुम्हाला चोर ठरवलं. एकदाही तोंडाने म्हटलं नाही, पण ठरवलं. माफ करा म्हणायलाही मला तोंड नाही."

काशीने पदराने डोळे पुसले. समीक्षाने दोर टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "काकू, या." काशी उठून पुढे आली. तिने दोर हातात घेतला, बोटांनी एक-एक चावी चाचपली आणि त्यातली एक सोडवून टेबलावर ठेवली. विनीतची.

"काकी, माझं चुकलं," विनीत उभा राहिला. "ही पण घ्या ना."

"विनीत, तू फोनवर इचारलंस, समई कुनाला दिलीत," काशी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुजी आवस गेली तवा बारा दिस तुजं घर मी सांबाललंय. समई कुठं गेली असंल काकी, असं म्हनला असतास, तर मी गाव पालता घातला असता. तू तसं नाय म्हनलास. तुजी चावी तुज्याकडं."

ती अठरा चाव्या घेऊन निघाली. दारातल्या बायकांनी सरकून तिला वाट दिली, आणि एकीने हात धरून जवळ बसवलं.

विनीतची रजा चार दिवसांची होती. जाताना तो खाली मान घालून आत्मारामकडे आला आणि चावी देऊन गेला, दुसरं कोण घेणार? आत्मारामने अध्यक्षपद सोडलं, गावाने ते सोडू दिलं नाही. नकाशा तेवढा उतरला. दर मंगळवारी आता तो विनीतच्या घरी जायचा. खिडक्या उघडताना बोटं चेमटायची. केर काढला की मागे तेवढाच उरायचा. वात लावली की दोन मिनिटांत विझायची. काशी शेजारच्या घराचं काम आटोपून गडग्यापलीकडे उभी राहायची आणि तिथूनच सांगायची, "आदी कोपरे झाडा. मधी मंग. अवो, केरसुनी धरलाव की वल्हं?" आत ती एकदाही आली नाही. विनीत मात्र दर मंगळवारी संध्याकाळी तिला फोन करायला लागला. समईचं विचारायचा नाही. गुडघा कसा आहे, विचारायचा. पहिले तीन फोन तिने उचलले नाहीत. चौथा उचलला, आणि मग उचलत राहिली.

श्रावणात एका मंगळवारी पावसाची उघडीप होती. आत्माराम ओटी सारवत होता, म्हणजे शेण सगळीकडे होतं आणि ओटीवर कमी होतं. काशी गडग्यापलीकडून बराच वेळ बघत राहिली. मग तिने केरसुणी गडग्यावर टेकवली, फिरून अंगणात आली आणि हात पुढे केला.

"द्या हिकडं ती चावी. गनपतीला पोर घरी यायचा हाय, त्याला असं घर दाखवायचं काय?"

आत्मारामने शेणाचे हात लेंग्याला पुसले आणि चावी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती लगेच दोरात ओवली. त्याला एकदम हलकं वाटलं आणि तो घरी जायला वळला.

"निगालाव कुठं?" काशी म्हणाली. "कौलं सरकलीत वर. शिडी आना."

तो शिडी आणायला गेला.